आजीचा तांब्याचा बंब मोडीत घालू का ठेवू? बाकी भांड्यांचं पण सांगा

साखरपेठकर

नमस्कार मंडळी. आमचं सोलापूरच्या साखर पेठेतलं जुनं घर पुढच्या महिन्यात पाडायचंय, त्यामुळं गेले आठ दिवस माळा रिकामा करणं चालू आहे आणि माळ्यावरनं जे निघालंय ते बघून घरात रोज भांडणं. एक मोठा तांब्याचा बंब (तोटी तुटलेली, आतली जाळी गायब), दोन घंगाळं, तीन हंडे, एक कळशी, परात, पूजेचं ताम्हण-पळी-पंचपात्र, डालड्याच्या डब्यात भरलेली जुनी नाणी, आजोबांच्या मळ्यातली बंद पडलेली मोटर आणि अर्धं पोतं वायर. हे सगळं काळं-हिरवं झालंय, कुठलं तांबं कुठलं पितळ मला तरी कळत नाही.

मोडवाला येऊन गेला. एका नजरेत बघितलं आणि म्हणाला सगळं मिळून सहाशे रुपये किलोनं उचलतो, वजन करा म्हणाला. बायको म्हणते देऊन टाका, नवीन घरात गॅस गीझर येणार, बंब काय शोकेसमध्ये ठेवायचा का. आई काहीच बोलत नाही आणि ती काही बोलत नाही म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. आत्याला फोनवर सांगितलं तर ती आजीचा बंब आजीचा बंब करत रडायला लागली, लहानपणी त्याच्यातल्या राखेत वांगं भाजायची म्हणे.

तर मालक लोक, सांगा. भाव बरोबर आहे का? ठेवायचं काय, द्यायचं काय? आणि ते तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं म्हणतात ते खरं का नुसतं व्हॉट्सॲप?

---

वायंडिंगवाला

थांबा थांबा, काही देऊ नका अजून. माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत मोटर वायंडिंगचं दुकान आहे, वीस वर्षं तांब्यातच हात आहेत म्हणून सांगतो. सगळं एका भावात उचलतो म्हणणारा माणूस तुमच्यावर उपकार करत नाहीये. तुमच्या ढिगात पितळ जास्त असतं तर त्यानं सहाशे म्हटलंच नसतं, याचा अर्थ त्याला बघूनच कळलंय की बहुतेक सगळं तांबं आहे.

ओळखायचं सोपं आहे. कानस घ्या, भांड्याच्या बुडाला जिथं दिसणार नाही तिथं एकदा घासा. आत लाल-गुलाबी निघालं तर तांबं, पिवळं निघालं तर पितळ. चुंबक पण लावून बघा, तांब्याला-पितळेला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. पण आजकालच्या तांब्याच्या म्हणून विकायच्या बाटल्यांमध्ये आत स्टेनलेस स्टील असतं अन् त्यातलं बरंचसं स्टील पण चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळं शेवटी कानसच खरी. वाजवून पण कळतं, पितळ टणकन वाजतं अन् बराच वेळ वाजतं, तांबं बसक्या आवाजाचं.

मोडीत सगळ्यात भाव वायरच्या तांब्याला, वरचं प्लास्टिक सोलून स्वच्छ तार केलेली असेल तर. (जाळू नका, खूप जण जाळतात, तो धूर वाईट आणि तार काळी पडली की भाव पण पडतो.) त्याखाली भांड्याचं तांबं कारण त्याला डाख (सांध्याचा जोड) असतो, कल्हई असते. त्याखाली पितळ. मोटर अख्खी दिली तर लोखंडाच्या भावाच्या जरा वर धरतील, म्हणून मोटर माझ्यासारख्याकडं आणा, खोलून देतो. जुनी मोटर असेल तर आत शंभर टक्के तांबं निघणार.

आता भाव. हा भाव मोडवाला ठरवत नाही अन् मी पण नाही, तो लंडनच्या मेटल एक्स्चेंजला ठरतो, आपण फक्त त्याच्या मागं पळतो. २०२४ च्या मे महिन्यात टनाला ११,००० डॉलरच्या वर गेलेला, त्या महिन्यात माझ्याकडं वायर घ्यायला पैसे कमी पडायला लागले राव. देशात मलांजखंड, खेत्री, घाटशिला अशा खाणी आहेत पण त्या पुरत नाहीत, बाहेरनं आणावंच लागतं. त्यात आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, साध्या पेट्रोल गाडीत असतं त्याच्या तिप्पट-चौपट तांबं एका इलेक्ट्रिक कारमध्ये जातं. उतरायचं कारण मला तरी दिसत नाही.

---

कडकभाकरी

देऊ नका. आज मोडीत घालाल अन् दहा वर्षांनी तुमचीच पोरगी ऑनलाइन अँटिक म्हणून दहापट किमतीला तसलाच बंब मागवेल. आमच्यात झालंय हे. घंगाळ होतं, आता त्यात मनी प्लांट आहे. विकत आणलेलं.

---

बाई_केमिस्ट्रीवाल्या

पाण्याच्या प्रश्नाचं मी सांगते, कारण दरवर्षी अकरावीच्या वर्गात हा प्रश्न येतोच आणि व्हॉट्सॲपवरचं उत्तर घेऊनच येतो.

खरं एवढं आहे की तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू टिकत नाहीत. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं, जुलाब-कॉलऱ्याचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं तर ते जंतू वाढवून बघितले तरी सापडले नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या बरंच आत होतं. ती मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम. म्हणजे रात्री भरून सकाळी प्यायचं ही जी आजीची पद्धत, ती बरोबर आहे. पण त्यानं वजन उतरतं, थायरॉईड बरा होतो, हे सगळं सोडून द्या. आणि आपल्या सोलापुरी बोअरच्या पाण्यातले क्षार तांब्यानं कमी होत नाहीत, ते मचूळ पाणी मचूळच राहणार.

दुसरी बाजू पण ऐका. आंबट पदार्थ तांब्यात ठेवू नका. लिंबू-पाणी त्या बाटलीत भरून ऑफिसला नेणारी माणसं मी बघितलीत, त्यांच्या हाता पाया पडावंसं वाटतं. आंबटात तांबं भराभर विरघळतं, मळमळ, उलट्या, पोटदुखी. आपल्याकडं ताक 'कळकलं' म्हणतात ना, ते हेच, हिरवट छटा येते आणि चव उतरते. म्हणूनच दूध-दही तांब्यात ठेवत नाहीत आणि स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कल्हई. भांड्यावर जो हिरवा थर चढलाय तो तर अजिबात पोटात जाता कामा नये, आधी चिंच-मीठ लावून घासा, भरपूर पाण्यानं धुवा, मग वापरा. आणि घरात कोणाला विल्सनचा आजार असेल (यकृत तांबं बाहेर टाकू शकत नाही) तर तांब्याचं पाणी पूर्ण बंद.

तो हिरवा रंग मात्र मला आवडतो बरं का. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली उभा केला तेव्हा तो तुमच्या ताम्हणासारखा लालसर होता, पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा. हवेनं त्यावर तो थर चढला आणि तोच थर आता आतलं तांबं झिजू देत नाही. लोखंडाचा गंज पोखरतो, तांब्याचा राखतो. असो, वर्ग सुरू झाला माझा.

बंबाबद्दल एवढंच की स्टेनलेस स्टीलपेक्षा तांबं साधारण पंचवीस पट जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. चार गोवऱ्या आणि थोड्या काटक्यांत अख्ख्या घराच्या आंघोळी व्हायच्या त्या त्यामुळं, आणि मधल्या नळकांड्यात आग, भोवती पाणी, म्हणजे आच वाया जायला जागाच नाही.

---

वायंडिंगवाला

बाई एक शंका होती, भांड्याचं तांबं अन् वायरचं तांबं वेगळं का असतं? आमचा एक सप्लायर कायम म्हणतो मोडीच्या तांब्याची तार काढू नका म्हणून, पण का ते त्याला सांगता येत नाही.

---

बाई_केमिस्ट्रीवाल्या

शुद्धतेचा प्रश्न. तांब्यात दुसरं काही थोडंसं मिसळलं तरी वीज वाहायची ताकद धाडकन पडते. पितळेचं बघा, ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त, तर वाटेल सत्तर टक्के तरी राहिली असेल. नाही, जेमतेम अठ्ठावीस टक्के उरते. म्हणून वायरसाठी तांबं पुन्हा विजेनं शुद्ध करतात. अशुद्ध तांब्याची जाड पाटी एका बाजूला, शुद्ध तांब्याचा किंवा स्टीलचा पातळ पत्रा दुसऱ्या बाजूला, मध्ये मोरचुदाचं (म्हणजे कॉपर सल्फेटचं) आम्लयुक्त द्रावण, आणि करंट सोडला की तांबं इकडनं सुटून तिकडं जाऊन बसतं, ९९.९९ टक्के. खाली जो गाळ बसतो त्यात सोनं-चांदी सापडते, आणि तो गाळ कोणी टाकून देत नाही हे सांगायला नको.

---

वायंडिंगवाला

आता कळलं. आमच्या धंद्यातला सगळा घोळ पण इथंच आहे बगा. स्वस्त मोटरमध्ये अॅल्युमिनियमची तार भरतात, गिऱ्हाईकाला आत काय आहे दिसत नाही. अॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज नेतं, म्हणजे तेवढंच काम करायला तार जाड पाहिजे, अन् स्लॉटमध्ये जागा तर तेवढीच. मग मोटर गरम होते, एका उन्हाळ्यात जळून माझ्याकडं येते. इनॅमल खरवडून आत पांढरं दिसलं की मी गिऱ्हाईकाच्या तोंडाकडं बघतो, बोलत नाही. पण अॅल्युमिनियमला सरसकट शिव्या पण नको, खांबावरच्या लाईनीत तेच बरं, तेवढाच करंट नेणारी तार जाड होते खरी पण वजन निम्मं भरतं. अन् दुसरं, ती कोणी चोरत नाही एवढी. तांब्याचं तसं नाही. शेतातली डीपी रात्रीत फोडतात, तेल सांडून देतात, आतलं तांबं काढून नेतात, अन् तेवढ्या तांब्यासाठी अख्ख्या शिवाराचं पाणी पंधरा दिवस बंद.

---

डाळिंब_सांगोला

डीपीचा विषय काढला म्हणून लिहितोय नायतर नुसतं वाचत होतो. आमच्याकडं दोन वर्षांत दोनदा फोडली. ऐन बहार धरलेला, टँकरनं पाणी घातलं बागेला, हिशोब विचारू नका.

पण मी वेगळंच सांगायला आलोय. तुम्ही लोक तांबं म्हटलं की भांडी अन् वायर बोलायलाय, आमच्याकडं तांबं पोत्यानं येतं, निळं. मोरचूद. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना अन् १०० लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या पाण्यात, चुना वेगळ्या पाण्यात, मग दोन्ही एकत्र, अन् सगळं प्लास्टिकच्या पिंपात, लोखंडाच्या बॅरलमध्ये नाही. तयार झालं की विळा नायतर खिळा घासून त्यात बुडवायचा. बाहेर काढल्यावर लोखंडावर तांबडा थर दिसला तर तांबं अजून मोकळं आहे, पानं जळणार, अजून चुना घाला. आमची आई शाळेत गेली नाही पण ही परीक्षा ती डोळे झाकून घेते. एकदा घाईत मी खिळा न बुडवताच फवारलं तर चौथ्या दिवशी कोवळी पालवी करपलेली, अजून ऐकवते.

डाळिंबाला तेल्या आला की फळावर तेलकट काळे डाग अन् मग फळ उकलतं, बाग गेली म्हणून समजा. त्यावर ठाम औषध असं नाही पण तांब्याच्या फवारण्या शेड्यूलमध्ये असतातच, बोर्डो नायतर कॉपर ऑक्सिक्लोराईड, केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राची माणसं पण छाटणीनंतर बोर्डो सांगतात. अन् हे बोर्डो नाव कुठनं आलं माहितीय का, फ्रान्समधल्या बोर्डो गावावरनं. तिथले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे, रोगासाठी नाही, येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून, निळं-पांढरं दिसलं की लोकांना वाटावं विष मारलंय. मिलार्देत नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की बाकी बागेवर केवडा आलाय अन् रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. त्यानं १८८५ ला ते छापलं. म्हणजे चोरांमुळं औषध सापडलं. आमच्या डीपीच्या चोरांमुळं काय सापडतंय बघू.

फक्त एक, मारा पण बेतानं. तांबं मातीत जातं ते जातच नाही पुढं, साठत राहतं, जुन्या द्राक्षबागांच्या मातीत ही अडचण आहे.

---

नाणेवेडा

साखरपेठकर, तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे 'डालड्याच्या डब्यात भरलेली जुनी नाणी' आणि त्याबद्दल अजून कोणी एक शब्द बोललेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतंय.

पहिली गोष्ट, नाणी घासू नका!! चिंच नको, पितांबरी नको, काही नको. भांड्याला लावा, नाण्याला नको. वरचा काळपट-हिरवट थर घासून चकचकीत केलेल्या नाण्याकडं संग्राहक बघत पण नाही.

दुसरी, डब्यात बघा मधे भोक असलेला पैसा असेल, तो १९४३ ते ४७ मधला, महायुद्धात धातूची टंचाई होती म्हणून भोक पाडून धातू वाचवला. ते भरपूर सापडतात, फार किंमत नाही, पोरं करगोट्यात ओवायची. पण ओबडधोबड, कडा वेड्यावाकड्या, जाड असं काही असेल तर नीट बघा. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपती' अशी अक्षरं (बरेचदा अर्धीच उमटलेली असतात) असतील तर ती शिवराई. राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, तांब्याची शिवराई पाडायला सुरुवात झाली, आणि तिचा नमुना इतका मुरला की पेशवाईभर त्याच धर्तीवर नाणी पडत राहिली. सोन्याचा होन राजदरबारात, बाजारात भाजी घ्यायला शिवराई. मोडवाल्याच्या काट्यावर शिवराई गेली तर मी तुमच्या दारात येऊन बसेन.

तिसरी, घरात ताम्रपट वगैरे काही नाही ना? हसू नका. जमिनीचं दान दिलं की राजे लोक ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत, दोन-तीन पत्रे, कडीत ओवलेले, कडीवर राजमुद्रा. कागद-भूर्जपत्र वाळवी खाते, तांबं खात नाही, आणि त्यात खाडाखोड केली तर लगेच दिसते. म्हणजे आजच्या भाषेत सातबारा. राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा सामानगडचा ताम्रपट शके ६७५ चा, म्हणजे इसवी सन ७५३. कोल्हापूर जिल्ह्यातला. आपल्याकडच्या कुडलच्या जुन्या मराठी शिलालेखाचं कौतुक करतोच आपण, शके ९४० चा, पण तो दगडावर आणि सीना-भीमेच्या संगमावर जाऊन बघावा लागतो. तांब्याचा लेख माणूस बखोटीला मारून गावोगाव नेऊ शकत होता, वारसदाराला देऊ शकत होता.

आणि दायमाबाद विसरू नका. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी, १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, चारही मिळून ६० किलोच्या वर, जवळजवळ सगळं तांबंच, उत्तर हडप्पा काळातलं. रथ दोन बैलांचा, ४५ सेंटीमीटर लांब, हाकणारा माणूस उभा. गंमत बघा, आपल्या भागात गेंडा नाही आणि ज्यानं तो ओतला त्यानं बहुतेक बघितलेला होता. तेही कोणाच्या तरी मोडीत गेलं असतं तर?

---

कडकभाकरी

ताम्रपट नाही पण ताम्रपत्र आहे आमच्याकडं. आजोबांचं. १९७२ ला स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा स्वातंत्र्यसैनिकांना दिलेलं. १९३० च्या मार्शल लॉ मध्ये ते आत होते. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली त्याबद्दल ते आयुष्यभर बोलले नाहीत, विचारलं की उठून बाहेर जायचे. ताम्रपत्र बैठकीत लावलंय, आई दर दिवाळीला फ्रेममधनं काढून पुसते. चिंच लावत नाही, नुसतं कोरड्या फडक्यानं. त्याचा भाव काढायला अजून कुठल्या मोडवाल्याची हिंमत झाली नाही.

---

जुळे_सोलापूरची_सून

मी माहेरची पुण्याची, कसबा पेठ. तांबट आळी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं लहानपणी सकाळची झोप ठोक्यांनीच मोडायची, दोन-तीन घरांतनं वेगवेगळ्या तालात ठकठक ठकठक. पेशवाईत ही मंडळी कोकणातनं पुण्यात आली असं तिथं सांगतात. भांड्यावर जे बारीक बारीक चकचकीत ठोके दिसतात त्याला मठारकाम म्हणतात, आणि ते नुसतं नक्षीला नाही हां, ठोकल्यानं तांबं कडक होतं, पत्रा पातळ असूनही भांडं चेपत नाही. मात्र फार ठोकलं की ते चिरतं, म्हणून मधेमधे भट्टीत लाल करून पाण्यात बुडवायचं. पोलाद तापवून पाण्यात घातलं तर कडक होतं आणि तांबं मऊ होतं, हे मला एका तांबट आजोबांनी पाचवीत असताना दाखवलं होतं, तापवलेली पट्टी हातानं वाकवून. साखरपेठकर तुमच्या घंगाळाच्या पोटावरनं हात फिरवून बघा, ठोके लागले तर ते हाताचं काम, गुळगुळीत असेल तर मशीनचं. हाताच्या कामाचं मोडीत देणं म्हणजे पैठणी चिंधीच्या भावानं देणं.

तोटीचं काही अवघड नाही, पितळेची तोटी मिळते, बसवून डाख देतात. पण कल्हई करताना नजर ठेवा. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवायची की ती लगेच वितळते (कथील २३२ अंशालाच वितळतं) आणि कापसाच्या बोळ्यानं सरसर फिरवायचं. कथलात शिसं मिसळून स्वस्तात कल्हई करणारे पण असतात, म्हणून ओळखीच्याकडनंच करा आणि स्वयंपाकाच्या भांड्यांना तर नक्कीच. बंबाला कल्हई लागत नाही, आंघोळीचंच पाणी.

आणि भाषेत बघा ना कसं मुरलंय हे. सोलापुरात सासूबाई 'तांब्या आण' म्हणाल्या आणि मी स्टीलचा आणला, तो पण तांब्याच! धातू गेला, नाव राहिलं. तांबडं फुटलं, तांबूस, गव्हावरचा तांबेरा. आमच्या सोसायटीच्या गुलमोहरावर तांबट पक्षी बसतो, उन्हाळ्यात दुपारभर टुक टुक टुक, डोळे मिटले की मला कसबा पेठ. तांबे, तांबट, तांबोळी अशी आडनावं पण किती.

---

नाणेवेडा

तांबोळी त्यातला नाही हो ताई. तो तांबूलावरनं, म्हणजे विड्याच्या पानावरनं. पानवाला.

---

जुळे_सोलापूरची_सून

अर्र. आमच्या शेजारी तांबोळी काका राहतात, गेल्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत मी त्यांना हेच ज्ञान दिलं होतं आणि ते मान डोलवत होते.

---

कडकभाकरी

मान डोलवणारच, सोलापूरचा माणूस आहे. बायकांना तोंडावर चूक म्हणत नसतो.

---

साखरपेठकर

मंडळी, आठ दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा, घरात सामान हलवणं चालू होतं. काय झालं ते सांगतो.

आधी कानस लावली. तिन्ही हंडे तांब्याचे, कळशी तांब्याची, परात पितळेची निघाली. एका घंगाळावर ठोके आहेत, दुसरं गुळगुळीत. मोटर वायंडिंगवाल्यांकडं नेली (त्यांनी चहा पाजला, आणि आत खरंच सगळं तांबं होतं, मालक शब्दाला जागले). वायर मी आणि पोरानं दोन रविवार बसून सोलली, बोटं गेली. मोडवाल्याला परत बोलावलं आणि म्हटलं वेगवेगळं वजन कर, तर तोच माणूस तांब्याला ६८० वर आला आणि वर म्हणतो 'साहेब तुम्हाला कळतंय म्हणून'. वायर, मोटरचं तांबं आणि गळके दोन हंडे दिले. परात आईनं हातातनं काढून घेतली, पितळ असली तरी ती तिच्या लग्नातली.

नाण्यांत शिवराई दोन आहेत असं वाटतं, एकावर 'छत्र' एवढंच दिसतंय. नाणेवेडा तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय, फोटो बघा. घासलेली नाहीत, देवाशपथ.

आता बंब. बायको एका अटीवर तयार झाली की तो बाल्कनीत राहणार, घरात नाही. तिला मी तो पंचवीस पटीचा हिशोब सांगितला तर म्हणाली मग तूच पेटव रोज. काल आईनं चिंच भिजवली आणि मी अंगणात बसून घासायला घेतला. अर्धा तास काळं पाणी, मग हळूहळू लाल व्हायला लागला, शेजारची पोरं जमली बघायला. बुडाजवळ टिंबाटिंबांनी घातलेलं नाव निघालं, जसं जुन्या भांड्यांवर असतं. वाचलं तर नाव भलत्याच बाईचं, आमच्या घराण्यात त्या नावाचं कोणीच नाही, आणि पुढं गाव अकलूज. आमचा अकलूजशी काही संबंध नाही. साखर पेठेच्या बाहेर लग्न केलं तर अक्कलकोटपर्यंत, एवढीच आमची झेप.

आत्याला फोन लावला. ती आधी गप्प, मग हसायलाच लागली. म्हणाली अरे बाबांनी तो मंगळवार बाजारातनं आणलेला, मोडीच्या भावात, तोटी तेव्हा पण तुटकी होती. आजी वर्षभर त्याला हात लावत नव्हती, दुसऱ्याच्या घरचं म्हणून, मग एका थंडीत पाणी तापवलं आणि त्यानंतर कोणाला हात लावू दिला नाही.

तोटीवाला रविवारी येणार आहे. ॲडमिन, या धाग्याचं नाव बदलता येतं का?